तिसरा बिंदू

१८ एप्रिल, अकोला

एसी गेला. आजारी होताच. आज दुपारी घशात काही अडकल्यासारखा आवाज केला आणि थंड पडला, म्हणजे गरम पडला. मेकॅनिकने मागचं झाकण उघडलं, मान हलवली आणि कॉम्प्रेसर नागपूरहून मागवावा लागेल म्हणाला. कधी येईल ते त्यालाही माहीत नाही. बाहेर चव्वेचाळीस, कॉलेजातल्या आमच्या हॉलमध्ये एकोणचाळीस. आमचा गोंद कपात कालवला की तारेपर्यंत पोचायच्या आत दगड होतोय.

आणि मला दहा जूनला तीन मॉड्यूल पेटीत भरून परदेशी पाठवायची आहेत.

वैतागले की मी माणसांवर ओरडते. त्यापेक्षा इथे ओरडावं म्हणून ही डायरी.

काल बाबांनी पुन्हा विचारलं, "तू दिवसभर अथी नेमकी करतं काय?" बाबा म्हणजे मोतीराम, वरूड डेपोचे निवृत्त कंडक्टर. आई गेल्यावर शेंदूरजनाघाटच्या घराला कुलूप लावून माझ्याकडे आले. एकट्याला घर खायला उठतं म्हणून माझ्यासोबत कॉलेजात येतात आणि हॉलच्या बाहेर व्हरांड्यात पेपर वाचत बसतात. मी समजावून सांगितलं. यंत्रातून कण सुटतो, तो डोळ्यांना दिसत नाही. तो पातळ नळीतून आरपार जातो. नळीत गॅस असतो, मधोमध केसाहून बारीक तार, तारेला भरपूर व्होल्टेज. कण गॅसला धक्का देत जातो, तारेला इवलासा झटका बसतो. अशा नळ्यांची चटई म्हणजे एक मॉड्यूल. चटया एकामागे एक ठेवल्या की कण कुठून कुठे गेला ती रेघ काढता येते.

"म्हंजे चोराच्या पायाचे ठसे."

"हो, तसंच."

"मंग चोराले पकडता काय?"

"नाही बाबा, जाऊ देतो."

"वा रे वा पोलीस," म्हणाले आणि पेपरात डोकं घातलं.

माझ्या नळ्यांची भिंत जगात कुणी वापरली नाही इतकी पातळ आहे. भिंत पातळ असली की कण आपल्या वाटेवरून कमी ढळतो. सहा वर्षं याच एका गोष्टीमागे गेली. लोक म्हणतात इतकी पातळ नळी टिकणार नाही. टिकते. तीन मॉड्यूल झाली की बीममध्ये, म्हणजे कणांच्या खऱ्या झोतात, उभी करून दाखवता येईल. दोन चालत नाहीत. दोन बिंदूंतून रेघ काय, कुणीही काढतं, ती नेहमीच सरळ येते. ती खरी की खोटी हे तिसरा बिंदू सांगतो.

१९ एप्रिल

बाबा म्हणाले, गावाकडचा कूलर आणू काय? मी हसले. डिटेक्टरच्या हॉलमध्ये कूलर! परदेशातल्या लोकांनी ऐकलं तर बेशुद्ध पडतील. मग आर्द्रतेचं मीटर पाहिलं. हवा इतकी कोरडी की नळ्यांना स्थिर वीज चढते आणि सगळी धूळ येऊन चिकटते. कूलर लावला तर आर्द्रता बरोबर हवी तिथे येते. तापमानही उतरेल. दोनदा हिशेब केला. कूलर सरळ टेबलावर नको, शेजारच्या खिडकीत, हवा हॉलभर फिरू दे. शाहीनही म्हणाली, "मॅडम, करून पाहू, नाहीतर आपलाच कबाब होते."

शाहीन माझी संशोधक विद्यार्थिनी. अकोल्याचीच, एमएस्सीला पहिली आलेली. नळीच्या टोकाला तार पकडणारी पिन तिने शोधून काढलेली आहे, माझी नाही, हे मी प्रत्येक भाषणात सांगते. बीम टेस्टला तीच माझ्याबरोबर येणार. पासपोर्ट आल्यापासून तो पर्समध्ये घेऊन फिरते, हरवशील म्हणून मी रागावते.

२२ एप्रिल

कूलर आला, टेम्पोतून. पत्र्याचा, मोठाच्या मोठा. आईने हौसेने घेतला होता. नवीन खसच्या ताट्या बसवल्या, बाबांनी कॉलेजच्या अंगणातल्या टँकरच्या ड्रममधून बादल्या आणून भरला. हॉलभर खसचा वास. तापमान एकतिसावर आलं. गोंद शहाण्या मुलासारखा वागू लागला. शाहीन म्हणाली, "चाचा, तुमाले नोबेल." बाबा दिवसभर खुश होते.

२ मे

लिहायला वेळच नव्हता. पहिलं आणि दुसरं मॉड्यूल झालं!

दोन्हींना व्होल्टेज दिलं. कण नसताना तारेत करंट नसायला हवा, मीटर शून्यापाशी पडून राहायला हवं. तसंच पडून राहिलं. एकावर एक ठेवून आकाशातून आपोआप येणारे कण पकडले. पडद्यावर ठिपके उमटले तेव्हा शाहीनने मला मिठी मारली. दोन्ही हवाबंद पिशवीत, पेटीत ठेवली. आता तिसरं. प्राचार्य खुशालराव येऊन बघून गेले. त्यांना पडद्यात रस नव्हता, हॉल कधी रिकामा होतो यात होता. इथे परीक्षा केंद्र करायचं आहे. जूनमध्ये काही दाखवता आलं नाही तर आम्ही बाहेर, हे हसत हसत सांगून गेले.

३ मे

आज बाबांवर ओरडले.

व्हरांड्यात कंबर धरून बसले होते, चेहरा पांढरा. विचारलं तर म्हणे काही नाही, बादली उचलताना लचक भरली. इतके दिवस दिवसातून किती खेपा घालत होते देव जाणे! माझं डोकंच फिरलं. "कोणी सांगितली ही फुकटची हमाली? कॉलेजची बोर आहे ना? पाइप लावा, फ्लोट बसवा आणि मोकळे व्हा. उद्या कंबर गेली तर मी मॉड्यूल करू की तुम्हाला दवाखान्यात नेऊ?"

"अवं, ड्रम जवळ होता म्हून घेत होतो."

"आता घेऊ नका."

प्लंबर आणला. बोरचा पाइप थेट कूलरला, टाकी आपोआप भरते. टँकरही आता आठवड्यातून एकदाच येणार म्हणतात, त्यामुळे बरंच झालं. संध्याकाळी बाबांच्या कंबरेला मलम लावून दिलं. बोलले नाहीत माझ्याशी. फुकटची हमाली हा शब्द वापरायला नको होता. पण एक काळजी मिटली.

११ मे

तिसऱ्याला व्होल्टेज दिलं. मीटर आधी शांत, मग चढू लागलं. चढतच गेलं. शेवटी वीज देणाऱ्या सप्लायने स्वतःहून व्होल्टेज तोडलं. पुन्हा दिलं, पुन्हा तेच. कुठेतरी गळती आहे. शाहीन म्हणाली, गॅस असेल. सिलिंडर बदलून पाहू.

डोळे थकलेत. चष्मा सारखा धूसर होतो, पुसून पुसून पदर झिजला. नंबर वाढला असावा.

१४ मे

गॅस बदलला. फरक नाही. नळ्या एकेक करून तपासल्या. एखादी वाईट निघाली असती तर काढून टाकली असती, पण सगळ्याच थोड्या थोड्या वाईट आहेत. एकच गुन्हेगार असता तर बरं झालं असतं. सगळं गावच गुन्हेगार निघालं की करायचं काय?

नवीन नळ्या घेऊन तिसरं पुन्हा पहिल्यापासून करायचं ठरवलं. शाहीन हात धुवायला गेली ती येईचना. मी ओरडले, तर आली आणि म्हणाली, "काय करू मॅडम, या बोरच्या पाण्यात साबनाले फेसच येत नाही. हात चिकट ते चिकटच." मी म्हटलं, नीट पूस आणि ग्लोव्हज घाल, साबणावर प्रबंध लिहायचा नाही आपल्याला. ग्लोव्हजमध्ये घाम साचतो म्हणून ती सारखे बदलत असते.

१९ मे

पुन्हा तेच. मीटर चढलं आणि तुटलं. बसल्या जागी रडले. शाहीनने पाणी आणून दिलं.

तिकडच्या समन्वयकांची मेल आहे. फार सभ्य. दहा जूनला तीन मॉड्यूल निघाली नाहीत तर आमची बीममधली जागा दुसऱ्या आराखड्याला जाईल, पुढची संधी केव्हा ते सांगता येणार नाही. दुसरा आराखडा म्हणजे जाड भिंतीच्या नळ्या. भरवशाच्या, कंटाळवाण्या, सगळ्यांना आवडणाऱ्या.

खरं सांगायचं तर मला आता माझ्याच नळ्यांची भीती वाटते आहे. भिंत पातळच आहे आणि पातळच चुकली आहे असं असेल तर? पहिली दोन नशिबाने निघाली असतील तर? सहा वर्षं मी ज्यांना मूर्ख म्हटलं ते सगळे शहाणे होते असं निघालं, तर मी कुठे तोंड लपवू? लग्न केलं नाही, घर केलं नाही, आईच्या शेवटच्या आजारपणात सुद्धा फोनवर गॅसच्या ऑर्डरी देत होते. या नळ्यांखेरीज माझ्याजवळ दाखवायला काही नाही.

२१ मे, अमरावती

वाईट मॉड्यूलच्या टोकाची पट्टी काढून अमरावतीला चंदाकडे आले. चंदा हॉस्टेलपासूनची मैत्रीण, रसायनशास्त्रात आहे. तिच्या विभागात मोठा मायक्रोस्कोप आहे, नुसतं दाखवत नाही, कशाचं बनलंय तेही सांगतो. पट्टीवर बारीक बारीक पांढरे कण दिसले. मशीनने आधी दोन नावं सांगितली, सोडियम आणि क्लोरीन.

"मीठ आहे गं," चंदा म्हणाली. "पूर्ण यादी उद्या काढून देते, थांब."

थांबायची गरज नव्हती. मीठ ऐकलं आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. घाम! ग्लोव्हजमध्ये साचणारा घाम. मीठ हवेतला ओलावा ओढतं आणि विजेला वाट करून देतं. चार वाजताची बस पकडली. भिंत चुकलेली नाही. माझी नळी चुकलेली नाही! मूर्तिजापूरपर्यंत खिडकीत बसून हसत होते.

२२ मे, अकोला

शाहीनला विचारलं. खरं म्हणजे विचारलं नाही, सांगितलं.

"मॅडम, म्या एकदा बी उघड्या हातानं तार नाही धरली."

"ग्लोव्हज काढताना, घालताना, कोपरावरून थेंब पडला असेल."

"नाही पडला."

"मग मीठ काय हवेतून आलं?"

ती शांतपणे म्हणाली, "पहिल्या दोनले बी माह्येच हात होते." मी म्हटलं, तेव्हा तुझं लक्ष होतं, आता तुझं लक्ष पासपोर्टात आहे. हे वाक्य तोंडातून गेलं तेव्हाच मला कळलं की ते परत घेता येणार नाही. पण मी घ्यायचा प्रयत्नही केला नाही. तिने एप्रन घडी करून टेबलावर ठेवला, पर्स उचलली आणि गेली. व्हरांड्यात बाबांना "येते चाचा" म्हणाली, नेहमीसारखी.

रस्त्यात बाबा म्हणाले, "पोरीले जास्त बोलली तू."

"तुम्हाला यातलं काही कळत नाही."

"थे खरं हाय," म्हणाले.

२८ मे

सहा दिवस एकटीने काम केलं. दुहेरी ग्लोव्हज, मनगटाला पट्ट्या, कपाळाला फडकं, कुठूनही थेंब पडणार नाही असा बंदोबस्त. कूलर पूर्ण वेगात, घामच येऊ नये म्हणून. बाबा मधूनमधून येऊन टाकीत पाणी आहे ना बघून जात. एकटीने तारा ओढताना कळलं की शाहीनचा हात काय हात आहे. ती दिवसभरात करते त्याला मला दोन दिवस लागले.

आज व्होल्टेज दिलं. मीटर चढलं. याआधी कधी चढलं नव्हतं इतकं चढलं.

म्हणजे घाम नाही? की या नळ्यांनाच आधी तिचा घाम लागला होता? हो, तसंच असेल. तसंच असायला पाहिजे. तसं नसेल तर मी त्या मुलीला काय म्हणून घालवलं?

जिवात जीव नाही. ओठ चाटले की खारट लागतात. इतकी रडते मी हल्ली की कळतही नाही कधी रडले ते.

३० मे, अमरावती

पुन्हा चंदाकडे. या वेळी तिने मला खुर्चीत बसवलं आणि म्हणाली, यादी निघेपर्यंत हलायचं नाही. यादी निघाली. सोडियम, क्लोरीन, मॅग्नेशियम, कॅल्शियम, गंधक.

"हा घाम नव्हे," चंदा म्हणाली. "एवढं मॅग्नेशियम माणसात नसते बाई. तुमच्याकडे काम करते ते पोरगी हाय का समुद्र? पाणी कोन्तं वापरता?"

"आम्ही पाणी वापरतच नाही. सगळं स्पिरिटने पुसतो."

"मंग मले नाही समजत."

रात्री तिच्याकडे राहिले. इथे आल्यापासून डोळ्यांना बरं वाटतंय. एकदाही चष्मा पुसावा लागला नाही.

३१ मे, अकोला

अकराच्या सुमारास हॉलवर आले. चष्मा लख्ख स्वच्छ. अमरावतीच्या नळाखाली धुतलेला. टेबलावर वाईट मॉड्यूल पुढ्यात घेऊन बसले, काही सुचेना, नुसती बसले. थोड्या वेळाने मीटर वाचायला वाकले तर आकडे धूसर. चष्मा काढला. दोन्ही काचांवर बारीक पांढरे ठिपके.

मी हललेही नव्हते. रडले नव्हते. घाम नव्हता. समोरच्या खिडकीत कूलर घरघरत होता.

एक कोरी काच घेतली आणि कूलरसमोर धरून उभी राहिले. हात दुखेपर्यंत. काच पांढुरकी झाली. जिभेला लावली.

मीठ. खिडकीच्या जाळीवर मीठ, खसच्या ताट्यांवर मिठाचा थर, खालच्या टाइलवर मीठ. हे सगळं रोज माझ्या डोळ्यांसमोर होतं. हा सगळा खारपाणपट्टा आहे, खालचं पाणी खारं आहे, हे इथे शाळेतल्या पोरांनाही माहीत. घराघरात कूलरवर हा थर दिसतो, म्हणूनच कुणाला दिसत नाही. बाबा आणि मी, आम्ही दोघं संत्र्याच्या गोड पाण्याच्या गावचे. आम्हाला तर कूलर म्हणजे कूलर. साबणाला फेस येत नाही म्हणून शाहीन सांगत होती आणि मी तिला गप्प केलं. मीठ काय हवेतून आलं, असं मीच विचारलं होतं. हवेतूनच आलं होतं. मीच आणवलं होतं. तीन मेला, पाइप लावा म्हणून ओरडून.

"काय चाटून रायली वं?" बाबा दारात उभे होते.

"काही नाही. काच पुसत होते." आणि मी कूलर बंद केला.

"बंद काहून केला? शिजून जाशीन."

"वीज जास्त खातो. प्राचार्य बोलले."

बाबांनी कूलरकडे पाहिलं, काचेकडे पाहिलं, मग "बरं" म्हणून बाहेर गेले. त्यांना सांगणार नाही. कधीच नाही. त्यांनी कंबर मोडून आणलेली गोष्ट आहे ती. त्यांना काही कळलं नाही, हेच त्यातल्या त्यात बरं.

शाहीनला मेसेज केला: चूक माझी होती, घाम नव्हता, भेटून सांगते. तिने वाचला. उत्तर नाही. घरी जायला हवं, पण पाय उचलत नाहीत.

१ जून

तिकडे सगळं खरं लिहून पाठवलं. बिघाडाचं कारण कूलरमधलं खारं पाणी. कूलर लावायचा निर्णय माझा, पाणी बदललं माझ्या सांगण्यावरून. दुसऱ्या कुणाचं नाव नाही. मेल पाठवताना वाटलं, जगात कुठल्याही डिटेक्टरच्या अहवालात कूलर हा शब्द पहिल्यांदाच आला असेल.

बाबा आज भर दुपारी कुठेतरी निघून गेले. ऊन असं की डांबर चपलेला चिकटतंय, आणि हे पायी. तीन वाजता आले, चेहरा लालबुंद. विचारलं तर म्हणे डेपोतला जुना दोस्त भेटला. या वयात उन्हात दोस्त भेटतात! मी खूप बोलले.

संध्याकाळी पाहते तर खिडकी रिकामी. कूलर भंगारवाल्याला देऊन टाकला म्हणे. आईने हौसेने घेतलेला!

"काहून दिला बाबा?"

"लय आवाज करे थो."

२ जून

मेल आली. प्रामाणिकपणाबद्दल आभार. जागा दुसऱ्या आराखड्याला दिली आहे.

मेल दोनदा वाचली. मग खाली एक ओळ आणखी होती. तीन मॉड्यूल वेळेत आली तर त्यांच्या डिटेक्टरच्या मागे एक दिवस उभी करता येतील, जे कण त्यातून पार होऊन येतील ते आमचे. येण्याची परवानगी एकाच माणसाला.

म्हणजे पंगत उठल्यावर जेवायचं. आणि ते जेवायलाही माझ्याजवळ तिसरं मॉड्यूल नाही, आठ दिवस आहेत आणि हात एकटीचे. सगळं सोडून द्यावं असं पहिल्यांदा मनात आलं. शेंदूरजनाघाटचं घर उघडावं, शाळेत शिकवावं, पातळ नळ्यांचं नाव काढू नये.

३ जून

शाहीन आली! सकाळी उजाडताना हॉल उघडायला गेले तर पायरीवर बसलेली. मी काहीतरी बोलायला गेले. ती म्हणाली, "मॅडम, बोलाले वेळ नाही. आधी हॉल धुवू." माझा मेसेज पोचला असणार मनापर्यंत.

जारचं विकतचं पाणी आणून भिंती, टेबल, जाळ्या, सगळं पुसून काढलं. नवीन नळ्या उघडल्या. उजाडल्यापासून नऊपर्यंत काम, मग ऊन उतरल्यावर पुन्हा. गोंदाची वाटी बर्फगोळेवाल्याकडून आणलेल्या बर्फात. हवेत ओलावा राहावा म्हणून दारांना ओल्या चादरी.

५ जून

हॉलमध्ये अडतीस. दोघींच्या डोक्याला फडकी, बोलणं फक्त कामाचं. ती हसत नाही. हसावं असं मी काही केलेलंही नाही.

चादरी बाबा भिजवून देतात, पण दारातूनच. आत येत नाहीत. मी म्हटलं या ना, तर म्हणाले, नाही, मी अथीच बरा. आणि हल्ली प्रत्येक गोष्ट विचारतात. हे पाणी चालते काय? ही बादली चालते काय? माह्या हाताले काही लागलं नाही नं? एकदा सांगून समाधान होत नाही, प्रत्येक चादरीला विचारतात. वय झालं, दुसरं काय.

८ जून

दुपारी तिसऱ्याला व्होल्टेज दिलं. शाहीनने बटण दाबलं, मला धाडस झालं नाही. मीटर शून्यापाशी. थोडं वर व्होल्टेज. शून्यापाशी. पूर्ण व्होल्टेज. पडून राहिलं, ढिम्म हललं नाही.

पेटीतली दोन काढली, तिन्ही एकावर एक ठेवली, आकाशातल्या कणांची वाट पाहिली. एक ठिपका, दुसरा ठिपका आणि त्याच रेघेवर, जिथे असायला हवा होता तिथे, तिसरा.

शाहीन रडायला लागली. मीही. मी म्हटलं, तिकडे एकालाच जायचं आहे आणि तू जाणार आहेस, मी मेल केली आहे. ती म्हणाली, "मॅडम, हे माफी म्हून देऊन रायले काय?" मी म्हटलं, नाही, माझे हात तुझ्यासारखे नाहीत, वाटेत एखादी तार तुटली तर मला लावता येणार नाही. तेव्हा ती पहिल्यांदा हसली. मी म्हटलं, माझ्या मेसेजवर तू आलीस, तेवढ्यावर आलीस...

"तुमच्या मेसेजवर नाही आली मी," ती म्हणाली. "चाचा आले होते घरी. भर उनात, पायी. अम्मीनं सरबत देल्लं तर घेतलं नाही. उभ्यानंच म्हने, पोरी, तुह्या हाताचा घाम नोता, माह्या कूलरचं पानी होतं. माह्यी पोरगी मले सांगत नाही, पन म्या पायलं. राग माह्यावर धर, तिच्यावर धरू नको."

मी व्हरांड्यात गेले. बाबा चादर पिळत होते. मी शेजारी पायरीवर बसले. म्हटलं, "बाबा, पाइप लावायला मी सांगितलं होतं."

"सांगतलं तू. लावला म्या." चादर झटकून दोरीवर टाकली आणि येऊन बसले. "मले समजलं तवापासून आत पाय ठेवाची हिंमत नाही झाली." मग विचारलं, "एक सांग. थे पयले दोन जे चांगले निंघाले, थे कोन्त्या पान्याचे?"

"ड्रमच्या. टँकरचं गोड पाणी. तुम्ही बादल्यांनी आणलेलं."

बाबांचा एक हात आपोआप कंबरेवर गेला.

"मंग फुकटची हमाली नोती म्हन थे."

मला हुंदका आवरला नाही. त्यांनी माझं डोकं खांद्यावर ओढून घेतलं आणि म्हणाले, "रडू नको माय. चष्म्यावर डाग पडतीन."

मी चष्मा काढून त्यांच्या हातात दिला.